गुंजभर तांबं

वडिलांना मोठ्यानं सांगावं लागतं.
तांबट आळीत चाळीस वर्षं घागरी ठोकून
त्यांचे कान कधीच गेलेत.
"धातू प्लास्टिक तोडतो," मी ओरडते.
"कापतो?"
"तोडतो. लांब साखळी असते, तिचे तुकडे."
"मग छिन्नी म्हण की."
छिन्नी नाही. वहीत लिहून दाखवते: उत्प्रेरक.
ते अक्षरं लावतात, चष्मा वर करतात.
"तांबं किती लागतं?"
गुंजभर.
ते हसतात. गुंजभर तांब्यात
हंड्याच्या कडीचा रिबीटसुद्धा होत नाही.

गंगापूर रोडला जिन्याखाली आमची प्रयोगशाळा.
पांढऱ्या भुकटीवर निकेल आणि तांबं बसवायचं
परातीला कल्हई बसते तसं,
दिसेल न दिसेल, पण सगळीकडे.
लहानपणी नवसागराचा धूर नाकात जायचा,
कापसाच्या बोळ्याखाली कथील पळायचं
आणि काळ्या परातीत अचानक आमचे चेहरे यायचे.

पाथर्डीच्या डेपोतून पोतं येतं:
दुधाच्या पिशव्या, ठिबकच्या नळ्या,
निफाडच्या बागेतला फाटका मल्चिंग पेपर,
त्याला चिकटलेला एक सुकलेला द्राक्षमणी.
धुवायचं, वाळवायचं, कातरायचं,
पोलादी भांड्यात हायड्रोजनच्या दाबाखाली
तीनशे अंशांवर सोळा तास.
पहिल्यांदा तेल आलं, पिवळसर, दोन चमचे.
केंगे मॅडमनी सगळ्यांना भेळभत्ता मागवला.
दुसऱ्यांदा निम्मं.
चौथ्यांदा प्लास्टिक नुसतं वितळून बसलेलं
आणि उत्प्रेरक मेलेला.
पुस्तकात लिहिलंय, तो स्वतः झिजत नाही.
लिहिणाऱ्यानं हातोड्याचं तोंड पाहिलेलं नसावं.
"काळं पडलं?" वडील म्हणाले. "चिंचेनं घास."

तीन महिने मी तापमान बदललं, दाब बदलला,
मॅडमच्या केबिनसमोरून जायची वाट बदलली.
मग एका सकाळी पोतं आणायला स्वतःच गेले.

कौतिकाबाई डेपोत पट्ट्याशी बसते,
हातमोजा एकाच हातात.
दुसरा उघडा लागतो तिला.
प्लास्टिक चुरगाळते, कानाशी नेते.
"ही चुरचुरती ती पिशवी.
ही मुकी, ती तुमची ठिबकची.
आन् ही टकटक वाजती, पायपाची. ही नका नेऊ.
वायरीचं सालपट बी हिच्याच जातीचं,
तांब्यासाठी जाळलं की डोळे झोंबतेत,
जाळ हिरवा निघतो."
"हिरवा?"
"हिरवा. पोपटाच्या पंखावानी."

क्लोरीन.
तांबं दिसलं की धरून बसतो.
माझ्या पोत्यात मूठभर पाइपचे तुकडे होते,
पांढऱ्यात पांढरे,
आणि मी तीन महिने भांड्याला दोष देत होते.
"मला कुणी इचारलं का?" ती म्हणाली.
रागानं नाही. पुढचा तुकडा
कानाशी नेता नेता.

आता पोतं तीच निवडते.
मॅडमनी तिचं नाव मजुरीच्या रकान्यात घातलं.
मला दुसरा रकाना हवा होता,
फॉर्मात तो नव्हता.

नवव्या खेपेला भांडं उघडलं तर आत मेण,
मऊ, सायीच्या रंगाचं, तळहातभर.
तळाशी तांबं, काळं, पण जिवंत.
घरी येऊन ओरडले, "चाललं!"
वडिलांनी बोटांनी विचारलं, किती वेळा?
पाच, मी पंजा दाखवला.
त्यांनी मान हलवली. त्यांचा एक हातोडा
आजोबांच्या आधीपासूनचा आहे.

बाटली घेऊन डेपोत गेले. थंडी मी म्हणत होती.
कौतिकाबाईनं झाकण काढलं, वास घेतला,
उघड्या हाताचं बोट बुडवलं
आणि वाकून टाचेच्या भेगांकडे नेलं.
"नका लावू," मी म्हणाले, "अजून तपासायचंय."
तिनं बोट पदराला पुसलं.
"तपासा. पण थंडी सरायच्या आत तपासा."